श्रोत्यांची निवड : क्रॉप्रेडीच्या मैदानावरील दोन गीते

१

लोकगीत कशास म्हणावे, या प्रश्नाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम गीताच्या शब्दांकडे जाते, नंतर चालीकडे आणि क्वचित गायकाकडे. ते गीत ऐकणाऱ्या समूहाकडे मात्र ती सहसा वळत नाही. वस्तुतः लोकगीताच्या आधुनिक मीमांसेने श्रोत्याला महत्त्वाचे स्थान दिलेले आहे. सेसिल शार्प यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लिश लोकगीतविषयक ग्रंथात परंपरेचे तीन घटक सांगितले : सातत्य, परिवर्तन आणि निवड. सातत्यामुळे गीत भूतकाळाशी बांधलेले राहते. परिवर्तन गायकाच्या प्रतिभेतून किंवा विस्मरणातून घडते. आणि या परिवर्तित रूपांपैकी कोणते टिकावे व कोणते लुप्त व्हावे, याची निवड समाज करतो. म्हणजे अखेरचा निवाडा श्रोत्यांच्या हाती असतो.

१९५४ साली आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने लोकसंगीताची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यातही हे तीनही घटक कायम ठेवण्यात आले. त्या व्याख्येने आणखी एक मर्यादा स्पष्ट केली. ज्ञात रचनाकाराची कृती समाजाच्या अलिखित परंपरेत मुरली तर तिला लोकसंगीत म्हणता येईल. परंतु जी लोकप्रिय रचना तयार स्थितीत उचलली गेली आणि जशीच्या तशी राहिली, तिला ते नाव देता येणार नाही, कारण समाजाने केलेली पुनर्घडण हेच लोकत्वाचे लक्षण होय.

ही भूमिका तर्कशुद्ध आहे. परंतु तिच्यात एक अडचण राहून गेली आहे. समाजाची निवड प्रत्यक्ष घडताना पाहावयाची कोठे? शार्प यांनी १९०३ साली सॉमरसेट परगण्यातील हँब्रिज येथे आपले पहिले लोकगीत टिपून घेतले, तेव्हा गाणारा होता एक माळी आणि टिपून घेणारा होता संग्राहक. ज्या समाजाने ते गीत पिढ्यान्‌पिढ्या निवडले होते, तो त्या प्रसंगी अनुपस्थित होता. संग्राहकाच्या वहीत निवडीचे फळ उतरले. निवडीची क्रिया उतरली नाही. पुढे जे ग्रंथ झाले त्यांचीही हीच अवस्था आहे.

ही क्रिया आधुनिक काळात आणि तीही एका अनपेक्षित स्थळी पाहावयास मिळते. इंग्लंडमधील फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा गायक-वादकांचा संच १९६७ सालापासून गात आला आहे आणि ऑक्सफर्डशायरमधील क्रॉप्रेडी या खेड्याच्या शिवारात दर ऑगस्टात त्याचे चाहते त्याला ऐकण्यासाठी जमत आले आहेत. जुन्या लोकगीतांना विद्युत्-गिटार आणि ढोलवाद्यांची जोड देणाऱ्या या प्रकारास 'फोक-रॉक' असे म्हणतात. या मेळाव्यातील श्रोत्यांचा आनंद कोणत्या जातीचा आहे आणि त्या आनंदाला परंपरेच्या विचारात काही स्थान आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

२

प्रथम या संचाचा इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे, कारण श्रोत्यांचा त्याच्याशी असलेला संबंध त्या इतिहासातूनच घडला आहे. ॲशली हचिंग्ज, रिचर्ड थॉम्पसन आणि सायमन निकोल हे तरुण उत्तर लंडनमधील मझवेल हिल भागात ज्या घरी तालीम करीत, त्या घराचे नाव 'फेअरपोर्ट' होते. त्यावरून संचाचे नाव पडले. २७ मे १९६७ रोजी गोल्डर्स ग्रीन येथील एका चर्चच्या सभागृहात त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. आरंभी त्यांच्यावर अमेरिकी गीतकारांचा प्रभाव होता. १९६८ साली सँडी डेनी ही गायिका संचात आली आणि तिच्याबरोबर इंग्लिश लोकगीतांचे भांडारही आले.

१२ मे १९६९ रोजी बर्मिंगहॅमहून परतताना संचाच्या गाडीला महामार्गावर अपघात झाला. त्यात १९ वर्षांचा ढोलवादक मार्टिन लँबल आणि थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन यांचा अंत झाला. गाणे सोडून द्यावे की पुढे चालवावे, असा प्रश्न उरलेल्यांपुढे उभा राहिला. त्यांनी पुढे जाण्याचे ठरविले. मात्र जुनी गीते मागे ठेवून. व्हायोलिनवादक डेव्ह स्वॉरब्रिक आणि ढोलवादक डेव्ह मॅटॅक्स यांना सोबत घेऊन ते हँपशायरमधील एका खेड्यातील घरात राहिले, आणि त्या उन्हाळ्यात जी गीते बसविली गेली त्यांची 'लीज अँड लीफ' ही ध्वनिमुद्रिका त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. इंग्लिश फोक-रॉकचा पाया तिने घातला, हे आता सर्वमान्य आहे.

यानंतरचा इतिहास हा मुख्यतः निर्गमनांचा इतिहास आहे. ध्वनिमुद्रिका बाजारात येण्यापूर्वीच हचिंग्ज आणि डेनी संचाबाहेर पडले होते. थॉम्पसन १९७१च्या आरंभी गेला, त्याच वर्षाच्या अखेरीस निकोलही गेला. तो १९७६ साली परत येईपर्यंत संस्थापकांपैकी एकही संचात नव्हता. नाव मात्र चालू होते. आजवर वीसहून अधिक गायक-वादक या संचात येऊन गेले आहेत. तेव्हा हा संच 'तोच' आहे असे श्रोते म्हणतात, ते कशाच्या आधारावर? माणसांच्या आधारावर नव्हे, हे उघड आहे.

१९७९ साली हा संच विसर्जित करण्याचे ठरले. ४ ऑगस्ट १९७९ रोजी नेबवर्थ येथे प्रचंड समुदायासमोर आपला भाग गाऊन हे कलावंत त्याच दिवशी क्रॉप्रेडीस आले आणि तेथील शेतात त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. वास्तविक येथे त्यांची कथा संपावयास हवी होती. परंतु पुढच्या वर्षी ते पुन्हा जमले, आणि श्रोतेही जमले. त्यानंतर ही वार्षिक भेट रूढ झाली. १९८५ साली संचाने नव्याने ध्वनिमुद्रण सुरू केले. तोपर्यंतच्या मधल्या वर्षांत तो मुख्यतः या भेटीपुरताच अस्तित्वात होता. म्हणजे मेळावा संचामुळे टिकला, असे म्हणण्यापेक्षा संच मेळाव्यामुळे टिकला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. महामारीमुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे मेळावा भरला नाही. २०२२ साली तो पुन्हा भरला. जी वस्तू निरोप देऊनही संपत नाही, ती केवळ कलावंतांच्या इच्छेवर अवलंबून नसते, एवढे या घटनाक्रमावरून निश्चित म्हणता येते.

मेळाव्याचे स्वरूपही लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे त्याचा विस्तार होऊन तो तीन दिवसांचा झाला आणि भरभराटीच्या वर्षांत तेथे २० हजारांच्या आसपास लोक येत असत. तथापि मंच एकच राहिला. मोठ्या संगीतमहोत्सवांत अनेक मंच असतात आणि श्रोता आपल्या आवडीप्रमाणे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो. क्रॉप्रेडीत उतरत्या शेतात घडीच्या खुर्च्या मांडून बसलेल्या साऱ्यांना एकाच वेळी एकच गाणे ऐकावे लागते. आजोबांबरोबर नातवंडे असतात. शनिवारी रात्री अखेरचा दीर्घ कार्यक्रम यजमान संचाचा असतो, आणि त्याचा शेवट कशाने होणार हे प्रत्येकास आधीच ठाऊक असते. 'मॅटी ग्रोव्ह्ज' हे जुने कथागीत आणि त्यानंतर 'मीट ऑन द लेज' हे रिचर्ड थॉम्पसनरचित गीत : ही जोडी म्हणजे त्या रात्रीची रूढ समाप्ती होय. प्रस्तुत विवेचन या दोन गीतांभोवतीच केंद्रित केले आहे.

३

'मॅटी ग्रोव्ह्ज' हे फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध झालेल्या ३०५ कथागीतांच्या संग्रहात ८१व्या क्रमांकावर आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लिश नाटकातही त्याचा उल्लेख सापडतो. कथा सर्वपरिचित आहे. सणाच्या दिवशी देवळात आलेली एका सरदाराची पत्नी मॅटी नावाच्या तरुणास आपल्या घरी बोलाविते. एक सेवक धावत जाऊन धन्याला वर्दी देतो. सरदार येतो, तरुणाला तलवार देऊन द्वंद्वास उभा करतो आणि ठार मारतो. पत्नी मृत प्रियकरालाच श्रेष्ठ ठरविते आणि तीही मारली जाते. शेवटी सरदार दोघांना एकाच थडग्यात पुरावयास सांगतो, मात्र उच्च कुळातील पत्नीला वर ठेवण्याची आज्ञा करतो.

फेअरपोर्टने या शब्दांना जी चाल दिली ती अमेरिकेतील ॲपलॅचियन डोंगराळ भागातल्या एका गीताच्या चालीवरून घेतलेली आहे. इंग्लंडचे कथानक, समुद्रापलीकडे वाढलेली चाल आणि विद्युत्-वाद्ये, असा हा संयोग आहे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना तो रुचला नाही, तरी शार्प यांच्या परिभाषेत हे परिवर्तनच होय. आणि ते समाजाने निवडले, याला अर्धशतकाची साक्ष आहे.

या गीताचा श्रोत्यांना होणारा आनंद कशातून उद्भवतो? कथेच्या उत्सुकतेतून नव्हे, कारण कथा प्रत्येकाला ठाऊक आहे. कारुण्यातूनही सरळपणे नव्हे, कारण दोन हत्या सांगणारे हे गीत हजारो लोक प्रफुल्ल मनाने ऐकतात. याचे उत्तर संस्कृत काव्यशास्त्राच्या साहाय्याने देता येते. अभिनवगुप्ताच्या मते काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्यांचे मन आरशासारखे निर्मळ झाले आहे आणि म्हणून वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्यांना आली आहे, ते सहृदय. येथील श्रोता याच अर्थाने सहृदय आहे. त्याने हे गीत इतक्या वेळा ऐकलेले असते की कथानक ही त्याच्या दृष्टीने पार्श्वभूमी होते आणि लक्ष मोकळेपणाने घडणीवर स्थिरावते : कोणत्या कडव्यानंतर ढोल जोर धरतात, सरदाराच्या आगमनाशी आवाज कसा बदलतो, आणि कथा संपल्यावर व्हायोलिन व गिटार यांचा दीर्घ संवाद या वेळी कोणत्या वळणाने जातो. परिचय येथे रसास मारक होत नाही. तोच रसाचे साधन होतो.

तथापि एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. १९६९च्या ध्वनिमुद्रिकेत हे गीत सँडी डेनीच्या आवाजात आहे. तिच्यानंतर ते स्वॉरब्रिकने गायिले, पुढे निकोलने गायिले. आवाज स्त्रीचा होता तो पुरुषाचा झाला, व्हायोलिनवादक बदलले, ढोलवादक बदलले. परंतु शब्द आणि चाल यांचा सांगाडा जवळजवळ तोच राहिला. ज्या कथागीताची अनेक भिन्न रूपे चाइल्ड यांना संग्रहित करावी लागली, त्याचे हे एक रूप ध्वनिमुद्रिकेने श्रोत्यांच्या मनात पक्के करून टाकले. एखादा गायक उद्या दुसरे कथानक किंवा दुसरी चाल घेऊन या मंचावर उभा राहिला, तर श्रोते त्याचे कौतुक करतील, पण 'मॅटी ग्रोव्ह्ज' ऐकले असे म्हणणार नाहीत. परिवर्तनाला उरलेली जागा आता गीताच्या अखेरच्या वाद्यखंडात आहे. म्हणजे जन्माने लोकगीत असलेली ही रचना वापराने बऱ्याच अंशी संहिता बनली आहे.

२००७ साली याच मैदानावर 'लीज अँड लीफ'मधील सर्व गीते मूळच्या कलावंतांनी पुन्हा सादर केली. दिवंगत डेनीच्या जागी क्रिस व्हाइल ही गायिका होती. तो प्रसंग श्रोत्यांना अत्यंत मोलाचा वाटला असल्यास नवल नाही. परंतु समीक्षेच्या दृष्टीने पाहता तेथे ध्वनिमुद्रिका हीच मूळ संहिता होती आणि प्रत्यक्ष गायन हे तिचे भाष्य होते. जीर्णोद्धाराचेही सौंदर्य असते. मात्र जीर्णोद्धार म्हणजे परंपरा नव्हे, हा विवेक सुटता कामा नये.

४

'मीट ऑन द लेज'ची स्थिती नेमकी उलट आहे. त्याचा कर्ता ज्ञात आहे, काळ ज्ञात आहे. १९६८ साली ध्वनिमुद्रित झालेले हे गीत थॉम्पसनने विशीही ओलांडली नव्हती त्या वयातले आहे. एकेक करून दुरावत जाणारे सोबती आणि पुन्हा कधीतरी एका उंच कड्यावर भेटण्याची आशा, असा त्याचा आशय असून पालुपद सोपे आणि समूहाने गाण्याजोगे आहे. शब्द बदललेले नाहीत, चाल बदललेली नाही. १९५४च्या व्याख्येची कसोटी लावली तर हे गीत लोकगीत ठरत नाही.

परंतु या गीताच्या बाबतीत काय घडले ते क्रमाने पाहावे. ते लिहिले गेले तेव्हा त्यातील विरह हा एका तरुण कवीचा काहीसा अस्पष्ट विषाद होता. काही महिन्यांनी अपघात झाला आणि त्या शब्दांना दोन नावे चिकटली. २१ एप्रिल १९७८ रोजी सँडी डेनीचा वयाच्या ३१व्या वर्षी मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी निरोपाचा कार्यक्रम झाला. नंतर ट्रेव्हर ल्यूकस १९८९ साली, स्वॉरब्रिक २०१६ साली, संचाची पहिली गायिका ज्यूडी डायबल २०२० साली आणि दीर्घकाळ ढोल वाजविणारा जेरी कॉन्वे २०२४ साली निवर्तला. प्रत्येक मृत्यूबरोबर गीताचा अर्थ वाढत गेला. आणि हे केवळ कलावंतांपुरते राहिले नाही. दर वर्षी त्याच शेतात बसणाऱ्या मंडळींमध्येही एखादी खुर्ची रिकामी होत असते. मेळाव्याच्या शेवटी त्या दिवसाचे इतर कलावंतही मंचावर येतात, आणि पालुपद मंचावरून शेतात व शेतातून मंचावर जात राहते. त्या क्षणी गाणारा कोण आणि ऐकणारा कोण, ही विभागणी उरत नाही.

तर मग येथे पुनर्घडण झाली नाही, असे म्हणता येईल काय? शब्दांची झाली नाही, हे खरे; परंतु प्रयोजनाची निःसंशय झाली आहे. कवीने जे भावगीत म्हणून लिहिले, ते समूहाने स्मरणगीत म्हणून निवडले. कोणत्या प्रसंगी ते गावे, कोणत्या क्रमाने गावे, कोणी गावे, हे सर्व समूहाने रूढीने ठरविले. कवीने ठरविले नाही. गीताचे लोकत्व केवळ त्याच्या पाठभेदांत शोधावे, ही सवय अभ्यासकांना छापील संग्रहांनी लावली आहे, कारण छापील पानावर पाठभेदच काय ते दिसतात. प्रसंग दिसत नाही.

या दोन गीतांची तुलना केली असता असा निष्कर्ष निघतो की जे गीत उगमाने लोकांचे होते ते या मैदानावर संहितेच्या दिशेने सरकले आहे, आणि जे उगमाने एका व्यक्तीचे होते ते लोकांच्या दिशेने सरकले आहे. उगमावरून लोकत्व ठरविणारी दृष्टी ही हालचाल टिपू शकत नाही. ती टिपावयाची तर श्रोत्यांकडेच पाहावे लागेल.

५

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळून पुढे जाणे उचित होणार नाही. क्रॉप्रेडीतील आनंद हा कलेचा आनंद नसून आपल्याच तारुण्याच्या आठवणीचा आनंद आहे. तिकीट काढून आलेला वयस्क श्रोता गीत ऐकत नाही, स्वतःला ऐकतो. असे कोणी म्हणेल. या आक्षेपाला भारतीय काव्यशास्त्रातही आधार मिळतो. अभिनवगुप्ताने रसाची जी विघ्ने सांगितली आहेत त्यांत स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे हे एक प्रमुख विघ्न होय. ज्याचे मन स्वतःच्या शोकाने व्यापले आहे, त्याला नाटकातील शोकाचा आस्वाद घेता येत नाही. मग 'मीट ऑन द लेज' गाताना आपल्या गेलेल्या मित्राच्या आठवणीने ज्याचा कंठ दाटून येतो, त्याला सहृदय कसे म्हणावे?

हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. 'मॅटी ग्रोव्ह्ज'चा आनंद हा शास्त्रीय अर्थाने आस्वाद आहे. 'मीट ऑन द लेज'चा आनंद केवळ आस्वाद नाही. त्यात विधीचा अंश आहे. या दोहोंची गल्लत केली तर समीक्षा भाबडी होते आणि भावनेच्या आवेगालाच कलामूल्य समजू लागते. गीताच्या रचनेत काही सामान्य स्थळे असतील तर हजारो कंठांच्या साथीने ती असामान्य होत नाहीत.

परंतु आक्षेपाचा दुसरा भाग मान्य करण्याजोगा नाही. स्वतःचे दुःख रसाला विघ्न ठरते ते ते 'माझे'च राहते म्हणून. समूहगायनात ते तसे राहत नाही. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचा मित्र निराळा, त्याचे दुःख निराळे. तरी दोघांचे शब्द एक, स्वर एक, श्वास घेण्याची जागाही एक. जे एकट्याचे होते ते येथे सर्वसामान्य होते. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले, ती क्रिया नाट्यगृहात काव्यातील गुणालंकार आणि नटाचा अभिनय यांच्या योगाने घडते. येथे ती सहगायनाच्या योगाने घडते, इतकाच फरक. एकांतात ध्वनिमुद्रिकेवर तेच गीत ऐकणाऱ्यास हा प्रत्यय येत नाही, कारण त्याचे दुःख त्याच्यापाशीच राहते. प्रत्यक्ष मेळाव्याला लोक वर्षानुवर्षे का येतात, याचे कारण यात आहे. गीते तर त्यांच्या घरी असतातच.

स्थळाचे महत्त्वही याच दृष्टीने समजते. क्रॉप्रेडीच्या पुलापाशी २९ जून १६४४ रोजी राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंटचा सेनापती वॉलर यांच्या सैन्यांची लढाई झाली. राल्फ मॅकटेल यांनी त्या लढाईवर एका सामान्य ग्रामस्थाच्या मुखाने सांगितलेले गीत रचले आणि फेअरपोर्टने १९८९ साली त्याच नावाच्या 'रेड अँड गोल्ड' या ध्वनिमुद्रिकेत ते समाविष्ट केले. ज्या चेरवेल नदीच्या काठी ती माणसे पडली, तिच्याच परिसरात बसून श्रोते ते गीत ऐकतात तेव्हा इतिहास हा ग्रंथातील मजकूर राहत नाही. बाहेरून आलेल्या संचाला आणि बाहेरून आलेल्या श्रोत्यांना या भूमीने स्वतःची एक कथा दिली. आणि त्यांनी ती गीतरूपाने परत केली. ही देवघेव विक्रीच्या हिशेबात बसत नाही.

मात्र श्रोत्यांच्या या अधिकाराला दुसरी बाजू आहे. जो निवडतो तो नाकारतोही. ज्या श्रोतृवर्गाने संचाला मरू दिले नाही, त्याच श्रोतृवर्गाने समाप्तीची दोन गीते अशी निश्चित केली आहेत की संचाला ती टाळता येणे कठीण आहे. नवे गीत कितीही चांगले असो, त्याला शेवटची जागा मिळत नाही. जिवंत परंपरेतही रूढीचा हा भार असतोच. परंतु परंपरा जिवंत आहे की गोठली आहे, हे ओळखण्याची खूण एवढीच की जुन्याच्या शेजारी नव्याला बसावयास जागा आहे की नाही. फेअरपोर्टच्या कार्यक्रमांत नवी गीते येत राहिली आहेत आणि क्रॉप्रेडीच्या मंचावर तरुण कलावंतांना स्थान मिळत आले आहे. ही जागा जोवर आहे तोवर रूढीचा भार सोसण्याजोगा आहे.

६

या दूरच्या उदाहरणाचे मराठी अभ्यासकाला प्रयोजन काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्याच संशोधनाच्या इतिहासात आहे. चाइल्ड यांचा संग्रह प्रसिद्ध होत होता त्याच काळात, १८९१ साली, ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. १८९४ साली ॲकवर्थ यांची निवडक पोवाड्यांची इंग्रजी भाषांतरे आली आणि त्यांत पोवाड्यासाठी त्यांनी 'बॅलड' हीच संज्ञा योजिली. या संग्रहाचे ऋण मोठे आहे; तो नसता तर कित्येक पोवाडे आज उपलब्धच नसते. परंतु इंग्लिश संग्राहकांप्रमाणेच येथेही शब्द हाती आले आणि श्रोते निसटले. कोणत्या कडव्याला सभा दाद देत असे, कोणता भाग शाहीर लोकाग्रहास्तव पुन्हा म्हणत असे, कोणता पोवाडा कोणत्या प्रसंगी हटकून गायिला जाई, हे छापील पान सांगत नाही. त्यामुळे पोवाड्याची चर्चा करताना आपण बहुधा त्याच्या ऐतिहासिक सत्यतेची आणि पाठाची चर्चा करतो, त्याच्या सभेची करीत नाही.

क्रॉप्रेडीचा मेळावा पाहून मराठी वाचकास पंढरीच्या वारीतील दिंडीची आठवण होणे साहजिक आहे. माणसे बदलतात, दिंडी तीच राहते. अभंग ठाऊक असतात, म्हणूनच ते म्हणावयाचे असतात. हे साम्य वरवरचे नाही. परंतु त्याला मर्यादा आहे, आणि ती न सांभाळल्यास तुलना फसवी होईल. दिंडीच्या वाटेच्या टोकाला विठ्ठल आहे. क्रॉप्रेडीच्या वाटेच्या टोकाला गीताखेरीज काही नाही. वारकऱ्याचा अभंग हा भक्तीचे साधन आहे, तर तेथील गीत हेच साध्य आहे. ज्या समाजात देवळाचे स्थान बऱ्याच अंशी ओसरले आहे, तेथे स्मरणाचा विधी गीताच्या आश्रयाला आला, असे फार तर म्हणता येईल. त्या गीताला ते ओझे कायमचे पेलवेल की नाही, हे काळ ठरवील.

एक गोष्ट मात्र आताही सांगता येते. ज्यांनी १९७९ साली निरोपाचे गाणे ऐकले, त्यांच्यापैकी पुष्कळ जण आज वृद्ध आहेत आणि संचातील वडीलधारे कलावंतही वृद्ध आहेत. संच एके दिवशी खरोखरच थांबेल. त्यानंतर त्या शेतात किंवा अन्यत्र कोठे, फेअरपोर्टचे नावही नीट ठाऊक नसलेली माणसे एखाद्या वियोगाच्या प्रसंगी 'मीट ऑन द लेज' म्हणू लागली, कदाचित एखादा शब्द बदलून, एखादे कडवे गाळून, तर १९५४च्या व्याख्येची उरलेली अटही पूर्ण होईल. तसे झाले नाही, तर हा मेळावा एका पिढीच्या निष्ठेची कहाणी म्हणून उरेल. तीही क्षुद्र नव्हे. दोन्हींपैकी काय घडेल, याचा निर्णय ना कवी करील, ना संग्राहक, ना समीक्षक. सेसिल शार्प यांनी तो ज्यांच्या हाती सोपविला होता त्यांच्याच हाती तो आहे.